हृदयविकार खरोखरच ‘श्रीमंतांचा रोग’ आहे का?

गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: हृदयविकार हा मुळात श्रीमंत देशांचा रोग आहे, त्या देशांतही तो ताणाखाली जगणाऱ्या बड्या अधिकारी पुरुषांना होतो, आपल्या पूर्वजांना तो ठाऊकच नव्हता, एवढी औषधे निघूनही मृत्यू वाढतच आहेत, अर्थात औषधे निरुपयोगी आहेत, आणि म्हणून गरीब देशांनी या खर्चिक रोगाच्या मागे न लागता साथीच्या रोगांकडे लक्ष द्यावे. यांतल्या बहुतेक विधानांत सत्याचा काही अंश आहे आणि त्यामुळेच हा मजकूर पटतो. तो अंश कोठे संपतो हे पाहणे गरजेचे आहे, कारण शेवटचे विधान थेट आरोग्यधोरणाविषयी आहे.

पहिले विधान श्रीमंत देशांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगभरात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे दगावली. एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण ३२ टक्के होते, आणि त्यांतले ८५ टक्के मृत्यू हृदयविकाराचा झटका व पक्षाघात या दोनच कारणांनी झाले. या मृत्यूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. यावर कोणी म्हणेल की जगाची बहुतेक लोकसंख्याच त्या देशांत राहते, मग मृत्यूही तेथेच अधिक असणार. आक्षेप रास्त आहे, म्हणून नुसती संख्या सोडून, वयोमानातील फरक वजा करून काढलेले मृत्युदर पाहावेत. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासाच्या २०१९ च्या आकडेवारीत हे दर सर्वांत जास्त असलेल्या देशांत उझबेकिस्तान, सॉलोमन बेटे व ताजिकिस्तान होते, तर सर्वांत कमी असलेल्यांत फ्रान्स, पेरू व जपान होते. यांत पेरूचे नाव पाहून केवळ पैशाने सारे ठरत नाही हे कळते. पण ज्या देशांना आपण सुखवस्तू म्हणतो ते या यादीच्या वरच्या टोकाला नाहीत, एवढे निश्चित.

याहून बोलका पुरावा ‘प्युअर’ या अभ्यासाचा आहे. मूळचे केरळचे आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात काम करणारे डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली १७ देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांचा त्यात काही वर्षे मागोवा घेतला गेला, आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडा, स्वीडन व संयुक्त अरब अमिराती हे त्यांतले श्रीमंत देश होते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश व झिम्बाब्वे हे अल्प उत्पन्नाच्या गटात होते. कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब वगैरे धोक्यांची बेरीज केली तेव्हा ती श्रीमंत देशांत सर्वाधिक आणि गरीब देशांत सर्वांत कमी भरली, म्हणजे येथपर्यंत फिरणारा मजकूर बरोबरच ठरतो. प्रत्यक्षात मात्र हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांचे दर नेमके उलट क्रमाने आले: धोका कमी असलेल्या गरीब देशांत ते सर्वाधिक होते. असा एखादा गंभीर प्रसंग ओढवल्यावर दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५.९ टक्के आणि गरीब देशांत १७.३ टक्के होते. याचे एक मोठे कारण त्याच अभ्यासाच्या २०११ मधील अहवालात दिसते. आधी झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या ज्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध), रक्तदाबाच्या गोळ्या यांपैकी काही ना काही नियमित चालू असायला हवे, त्यांच्यापैकी गरीब देशांतल्या ८० टक्के रुग्णांना यांतले एकही औषध मिळत नव्हते. श्रीमंत देशांत असे रुग्ण ११ टक्के होते. ही औषधे जुनी आहेत आणि बहुतेक स्वस्तही आहेत. रोग श्रीमंतांचा असण्याऐवजी त्यातून वाचणे श्रीमंतांचे झाले आहे, असेच या आकड्यांवरून म्हणावे लागते.

दुसरे विधान, बड्या अधिकाऱ्यांचे, ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच तपासले गेले आहे. लंडनमधील सरकारी नोकरांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सतरा हजारांहून अधिक पुरुषांची नोंद होती. सर्वांना पगारी नोकरी, सर्वांना सरकारी आरोग्यसेवा, उपासमार कोणाचीच नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई व निरोप्ये यांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर सर्वोच्च श्रेणीतील प्रशासकांच्या तिपटीहून अधिक निघाला. धूम्रपान, रक्तदाब आदी कारणे हिशेबात घेतल्यावरही या फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. साहेबाच्या ताणाची चर्चा फार होते. ज्याला स्वतःच्या कामाचा वेगही ठरवता येत नाही, त्याच्या ताणाची फारशी होत नाही.

त्याच विधानातील ‘पुरुष’ या भागाला लांब उत्तराची गरज नाही. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षे उशिरा येतो, असे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात आढळले, आणि या उशिरामुळेच गैरसमज पसरला असावा. जगभर स्त्रियांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारणही हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे, आणि २०१९ मध्ये स्त्रियांच्या एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे ३५ टक्के होता.

पूर्वजांविषयीचे विधान ऐकायला गोड आहे. इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अलास्काजवळची अल्यूशियन बेटे येथील १३७ ममींचे सीटी स्कॅन करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ देहांत, म्हणजे सुमारे एकतृतीयांशांत, धमनीकाठिण्याच्या, म्हणजे धमन्यांच्या भिंतींत मेद व कॅल्शियम साचून त्या कडक होण्याच्या, निश्चित किंवा संभाव्य खुणा आढळल्या. इजिप्तच्या ममी राजघराण्यातल्या, त्यांचा आहार चंगळीचा, असे म्हणून त्या बाजूला ठेवता येतील. पण अल्यूशियन बेटांवरचे लोक शिकार व मासेमारी करून जगणारे होते, आणि आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ‘ओट्झी’ हा तर डोंगर तुडवणारा माणूस होता. त्याच्याही धमन्यांत कॅल्शियमचे थर होते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांपैकी ८५ टक्के प्रौढांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियमचा थर मुळीच नाही, असे २०१७ मध्ये दिसून आले. तेव्हा जीवनशैलीने हा विकार पुष्कळ टळतो हे खरे. तो आधुनिक काळाने जन्माला घातला हे मात्र खरे नाही.

‘मृत्यू वाढत आहेत, म्हणून औषधे निरुपयोगी’ हा युक्तिवाद सर्वांत फसवा आहे, कारण त्यातला आकडा खरा आहे. १९९० ते २०१३ या काळात या विकारांनी होणारे मृत्यू जगभर ४१ टक्क्यांनी वाढले. पण त्याच काळात, एकाच वयाच्या माणसांची तुलना केली तर, मृत्युदर ३९ टक्क्यांनी घटला होता. लोकसंख्या वाढली आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, माणसे अधिक वर्षे जगून हृदयविकाराच्या वयापर्यंत पोहोचू लागली, म्हणून एकूण संख्या फुगली. अमेरिकेत १९८० ते २००० या दोन दशकांत हृदयधमनी विकाराचे मृत्युदर निम्म्यावर आले, त्यांतली सुमारे ४७ टक्के घट उपचारांमुळे आणि ४४ टक्के घट कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान यांसारखे धोके कमी झाल्यामुळे झाली, असा हिशेब मांडला गेला आहे. स्टॅटिनविषयी शंका घेणाऱ्यांनी १९९४ चा स्कँडिनेव्हियातील अभ्यास पाहावा: ४,४४४ हृदयरुग्णांच्या त्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला.

उरले धोरणाचे विधान. साथीचे रोग आणि हृदयविकार यांत निवड करायची असते, हे गृहीतच चुकीचे आहे. दाटीच्या घरांत मुलांना वारंवार होणाऱ्या, स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूच्या घसादुखीतून संधिज्वर होतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. २०१९ च्या अंदाजानुसार जगात असे सुमारे ४ कोटी रुग्ण होते, आणि ते बहुतांशी गरीब वस्त्यांतले असतात. दर तीन-चार आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन हा संधिज्वर पुन्हा होऊ देत नाही. या आजाराला साथीच्या रकान्यात टाकायचे की हृदयविकाराच्या?

भारतात एकूण मृत्यूंमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८.१ टक्के झाला, आणि २०१६ च्या या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू सत्तरी गाठण्यापूर्वीचे होते. घरातला कमावता माणूस गेला की ते कुटुंब कर्जात बुडते, हे गावोगाव दिसते. आणि खर्चाबद्दल बोलायचे तर, बायपास व अँजिओप्लास्टी महाग आहेत म्हणून हृदयविकाराचा सगळाच प्रतिबंध महाग ठरत नाही. जगात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, त्यांतल्या ४६ टक्के लोकांना त्याची कल्पनाच नाही, आणि नियंत्रणात आहे तो जेमतेम पाचांतल्या एकाचा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. त्यावरचा उपाय म्हणजे रक्तदाब मोजण्याचे साधे यंत्र आणि अ‍ॅम्लोडिपिनसारखी स्वस्त गोळी. भारतात २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता, आणि त्याची रचना नेमकी अशीच होती: राज्यभर एकच सोपा उपचारक्रम, मोजक्या औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या आरोग्यकेंद्रात तपासणी, आणि न आलेल्या रुग्णाची नोंद ठेवून त्याला परत बोलावणे. काही उपायांना तर रुग्णालयही लागत नाही. खाद्यतेले व वनस्पती तूप यांतील ट्रान्स फॅट या हृदयाला घातक मेदावर भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि हातगाडीवर वडापाव खाणाऱ्याला तिचा लाभ मिळण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञाची भेट घ्यावी लागत नाही.