भांडणाचा चौकोन

समाधानी ग्राहक शोधायला सदाशिव पेठेत का गेलीस, असं आता सगळेच विचारतात. घरापासून जवळ म्हणून गेले. बीबीएचं पहिलं वर्ष, विषय ‘प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग’ आणि असाइनमेंट अशी, की एखाद्या दुकानाबाहेर उभं राहून तीस ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. किराणा दुकानाच्या काकांनी “उभी राहा, पायरीवर बसायचं नाही” एवढ्या अटीवर परवानगी दिली.

पहिलेच आले ते आजोबा. पांढरा लेंगा-सदरा, हातात कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा बदलला, पेन काढलं आणि उत्तर लिहायच्या आधी माझ्या ‘आपणास’वर अनुस्वार दिला.

“आता विचार.”

“आजोबा, वयोगट? अठरा ते पंचवीस, सव्वीस ते पस्तीस, छत्तीस ते पंचेचाळीस, शेहेचाळीस ते साठ, साठच्या पुढे.”

“म्हणजे पोरांना आठ-आठ, दहा-दहा वर्षांचे कप्पे आणि साठच्या पुढचे सगळे एका गोणीत? मी एक्क्याऐंशीचा. हा खालच्या मजल्यावरचा जोशी बासष्टचा, अजून स्कूटरवरून सिंहगडाच्या पायथ्याला जातो. आम्हा दोघांना एकच साबण विकणार तुम्ही?”

खरं सांगायचं तर सेगमेंटेशनच्या, म्हणजे ग्राहकांचे गट पाडायच्या धड्यात मला एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. पण तेव्हा मागे रांग लागत होती.

“मासिक उत्पन्न?”

“स्थळ बघायला आलीयेस का?”

तो प्रश्न मी सोडून दिला. पुढचा प्रश्न असाइनमेंटचा प्राण होता. आपण याच दुकानात का येता? उत्पादन, किंमत, ठिकाण, प्रसिद्धी. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन: हेच ते मार्केटिंगचे चार पी, जेरोम मॅकार्थी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६० साली मांडलेले. (आमच्या गाइडात ते फिलिप कॉटलर यांच्या नावावर टाकलेत. अप्पा बळवंत चौकात रांग लावून सगळा वर्ग तेच गाइड आणतो, त्यामुळे परीक्षेपुरतं कॉटलरच खरं.)

“यातलं एकही नाही,” आजोबा म्हणाले. “समोरच्या दुकानदाराशी माझं बोलणं बंद आहे.”

“मग मी ‘ठिकाण’वर खूण करू?”

“ठिकाण कसं? त्याचं दुकान मला जास्त जवळ पडतं. हा रस्ता ओलांडून येतो मी, या ट्रॅफिकमधून, या वयात.”

“मग किंमत?”

“हा महाग देतो.”

आतून काका मान वर न करता म्हणाले, “मेतकूट शंभर की दोनशे?”

“थांब रे, सर्व्हे चाललाय.” आणि आजोबांनी माझ्या हातातला कागद घेतला, चार चौकोनांच्या खाली पट्टीने आखावा तसा पाचवा चौकोन काढला, शेजारी ‘भांडण’ लिहिलं आणि त्यावर ठसठशीत खूण केली.

शेवटी लायकर्ट स्केल. १९३२ पासून जगभर माणसांची मतं अशीच मोजतात, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच पायऱ्या. मधली पायरी ‘तटस्थ’ वाचून आजोबा मागे रांगेकडे वळले. “तटस्थ आहे का हो इथं कुणी?” कुणीच नव्हतं. उलट एक काकू पुढे येऊन मला म्हणाल्या, की मी दुकानाची माणूस असेन तर परवाच्या रव्यात निघालेल्या अळीबद्दल त्यांना बोलायचंय. मी दुकानाची नाही हे त्यांना पटेपर्यंत एक वाजला आणि काकांनी शटर अर्धं ओढलं. “उरलेलं चारनंतर.”

चारनंतर पाऊस आला. जेवढे फॉर्म भरले गेले, तेवढे मी दिले.

वर्गातल्या बाकीच्यांनी काय केलं? गूगल फॉर्म. चुलतभाऊ, मावशा, शाळेचा ग्रुप. एकाने तर मॅच बघत बघत तीसही फॉर्म स्वतःच भरले, ‘गृहिणी, वय ४६ ते ६०’ म्हणूनसुद्धा. त्याच्या रंगीत पाय चार्टला दहापैकी नऊ. मला पाच. शेरा: सॅम्पल अपुरं. आणि भांडण हा घटक सिलॅबसमध्ये नाही, तो ‘इतर’मध्ये टाकायचा, असं मॅडमनी समजावलं.

वर्षाची फी ऐकून बाबा दोन मिनिटं गप्प बसले होते, हे मी मॅडमना सांगितलं नाही. पण मला राग आला, तो अजून आहे. स्लाइडवर सगळी उदाहरणं अमेरिकेतली. मार्केटिंगचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांच्या नावावरचं प्रसिद्ध वाक्य तर परीक्षेला हमखास येतं: लोकांना पाव इंचाचं ड्रिल नको असतं, पाव इंचाचं भोक हवं असतं. सदाशिव पेठेत भोक हवं असलं तर ड्रिल शेजारून मागून आणतात, त्याचं काय करायचं ते स्लाइडवर नाही. आमचे किराणावाले काका आईला फोन करून “वहिनी, तूरडाळ संपत आली असेल” म्हणतात, वहीत उधारी लिहितात, कुणाच्या घरी मधुमेह आहे हे लक्षात ठेवून गूळ कमी पाठवतात. त्यातलं अक्षर सिलॅबसमध्ये नाही. ते शिकायचं तर फी भरून नाही, उन्हात पायरीखाली उभं राहून. आणि तसं उभं राहिलं तर पाच मार्क.

काल आजोबा पुन्हा भेटले, पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना.

“अहवालाची झेरॉक्स दे मला. समोरच्याला पाठवायचीय. मार्क किती पडले?”

सांगितले.

“कुणी दिले पाच? त्या बाईंचा फोन नंबर दे.”

नंबर मी दिला नाही, तसं करणं बरं दिसलं नसतं. कॉलेजचा पत्ता मात्र सांगितला, आणि मॅडम मंगळवारी अकरानंतर स्टाफरूममध्ये असतात हेही.