विसर्जनाची सोय नाही

सोसायटीने माझ्याकडे दोन जास्वंदी आणि एका तगरीचे पैसे मागितले आहेत. 'माती बदलण्याचा खर्च वेगळा' असं सेक्रेटरींनी खाली निळ्या पेनने लिहिलंय. कारण काय, तर माझ्या घरात समुद्र आहे.

आहे, नाकारत नाही. पार्ल्यात, तिसऱ्या मजल्यावर, लोकांच्या हॉलमध्ये जिथे शोकेस असते तिथे माझी चार फुटी काचेची टाकी आहे. अडीचशे लिटर खारं पाणी, दगड, मऊ प्रवाळ, दोन क्लाउनफिश, खायची नसलेली एक कोळंबी आणि काचेवरचं शेवाळ चाटत फिरणाऱ्या गोगलगायी. कठीण प्रवाळ ठेवत नाही, कारण ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसतात, आणि घरात वाघ पाळल्याचा गुन्हा अंगावर घ्यायची माझी तयारी नाही. हे सगळं सांभाळणं कठीण असतं का? असतं. पण मला बोलायचंय अण्णांबद्दल.

अण्णा दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, शाडूचा, वीतभर उंचीचा, पेणहून आणलेला. दरवर्षी तो जुहूला जातो. यंदा अण्णांचा गुडघा नवा, पाऊस मुसळधार आणि रिक्षावाले नेहमीचेच. तरी पालिकेचा कृत्रिम तलाव मैदानावर होता, हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी बेल वाजली तेव्हा मला काहीच संशय आला नाही.

दार उघडतो तो समोर पाट, पाटावर बाप्पा, बाप्पामागे अण्णा, अण्णांमागे काकू, काकूंमागे झांजा घेतलेला नातू आणि त्याच्यामागे जिनाभर मंडळी.

"मोरया!" नातू ओरडला.

"मोरया," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"सरक जरा, पाट जड आहे," असं म्हणत अण्णा थेट टाकीसमोर जाऊन उभे राहिले. "एक स्टूल दे."

"स्टूल कशाला?"

"झाकण वर आहे ना तुझं. हात पुरायला नको?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी टाकी आणि अण्णा यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, हा समुद्र नाही. टाकी आहे."

"पाणी खारं आहे का नाही?"

"आहे."

"लाटा?"

कोपऱ्यात वेव्हमेकर घरघरत होता. खोटं बोलायला जागा नव्हती. "आहेत."

"भरती-ओहोटी?"

"नाही."

"चालेल तेवढं," अण्णा उदार होऊन म्हणाले.

मी कृत्रिम तलावाची आठवण करून दिली. अण्णांनी असं तोंड केलं, जसं काही मी बाप्पाला बेसिनमध्ये सोडायला सांगितलं. "गोड्या पाण्याचा तलाव! तिथून पुढे वाट आहे का कुठे? समुद्रातून तो सरळ घरी जातो."

"कैलासाला? समुद्रमार्गे?"

"पुढचं त्याचं तो बघतो. आपण इकडून सोडायचं."

"मग माझ्या टाकीतूनही पुढे वाट नाहीच की."

अण्णांनी चष्मा वर केला, टाकीच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपावर बोट ठेवलं. "हा कुठे जातो?"

"खाली. सम्पमध्ये, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीत."

"मग? जातोय ना!"

यावर जगातला कुठलाही जीवशास्त्रज्ञ हरला असता. मी तरी बाजू लढवली. म्हटलं, शाडू विरघळली की ती माती प्रवाळांवर बसते, त्यांचा उजेड अडतो. त्यांच्या अंगात शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं, त्यातला वाटा यांना मिळतो. उजेड गेला की उपासमार.

"म्हणजे झाड आहे," अण्णा.

"प्राणी आहे."

"हलतो?"

"जागचा हलत नाही."

"मग झाड. झाडाला मातीचं वावडं कधीपासून?"

मागून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. जिन्यातली मंडळी एव्हाना हॉलमध्ये आली होती, आणि उदबत्तीही आली होती. आता स्किमर नावाचं यंत्र हवा आत ओढतं आणि पाण्यात बारीक बुडबुडे करून त्यातली घाण फेसाबरोबर वर काढतं. त्याच्या कपात कोऱ्या चहाच्या रंगाचा जो द्रव जमतो त्याचा वास एकदा नाकात गेला की माणूस दोन वेळचं जेवण सोडतो. पण मुद्दा वासाचा नाही. मुद्दा हा, की ते यंत्र हॉलमधली हवा ओढतं, आणि हॉलमध्ये त्या क्षणी केवडा उदबत्ती, कापूर आणि कुणाच्या तरी गुडघ्यावरचा बाम होता. नातवाने काचेवर झांज वाजवली. झोआंथिड म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी प्रवाळाची फुलं, मध्ये हिरवा ठिपका, कडेला नारिंगी झालर. ती एकेक करून मिटायला लागली. झालर आत घेतली, तोंडं आवळली, आणि बघता बघता दगडावर फुलांऐवजी नुसती तपकिरी बोंडं उरली.

"झोपली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात काकूंनी कलश पुढे केला. तांब्याचा! मी तो हवेतच धरला. माशांचे रोग घालवायला लोक तांब्याचं औषध वापरतात, पण माझ्या टाकीत कोळंबी आहे, गोगलगायी आहेत, प्रवाळ आहेत. बिनकण्याच्या जीवांना तांबं म्हणजे विष, आणि एकदा ते दगडांत मुरलं की सहजी निघत नाही. हे सगळं मी एका दमात सांगितलं.

"मी रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो," अण्णा म्हणाले. "मेलो का?"

"तुम्हाला कणा आहे, अण्णा."

हे मी कौतुकाने म्हणालो की चिडून, ते अण्णांना कळलं नाही. मलाही नीटसं कळलं नाही. पण त्यामुळे थोडी उसंत मिळाली, आणि त्या उसंतीत काकू बोलल्या. त्या इतका वेळ काचेला नाक लावून आत बघत होत्या.

"हे दोघं नवरा-बायको का रे?"

"हो काकू. मोठी आहे ती बायको."

"आणि ती गेली तर?"

"मग नवराच बायको होतो. हे सगळे आधी नरच असतात. घरातली मादी गेली की तिच्यानंतरचा मोठा नर मादी होतो."

"होतो म्हणजे? नुसता वागतो तसा?"

"नाही, खरंच. अंडी घालतो."

हॉलमध्ये शांतता पसरली. झांजही थांबली. काकू सावकाश अण्णांकडे वळल्या. "ऐकलंत?"

"मी विसर्जनाचं बघतोय," अण्णा म्हणाले.

"आणि अंडी राखतं कोण रे?"

"नर. पंखांनी वारा घालतो, खराब झालेली वेचून काढतो."

"म्हणजे नवरा असतानाही काम करतो, बायको झाल्यावरही करतो!" काकूंनी माशाकडे ज्या आदराने पाहिलं, तो त्या दिवशी पाटावरच्या देवालाही मिळाला नसेल.

वाट शेवटी अण्णांनीच काढली. दर आठवड्याला मी टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून नवं घालतो. त्या दिवशीचं काढलेलं पाणी दाराशी बादलीत होतं, फेकायचं राहिलेलं. अण्णांनी त्यात बोट बुडवलं, मला थांबवता येईपर्यंत ते चाखलं आणि डोळे मिटून म्हणाले, "अस्सल!"

अस्सल असणारच. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, खऱ्या समुद्राइतकंच. पण हे मीठ स्वयंपाकघरातलं नव्हे. त्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम असं सगळं मापात लागतं, आणि त्याची बादली ज्या भावाने मिळते तो आकडा मी घरात मोठ्याने सांगत नाही. त्याआधी नळाचं पाणी गाळण्यांच्या रांगेतून काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणायचं. मग तापमान २५-२६ अंशांवर ठेवायचं, म्हणजे मुंबईत चिलर आलाच. चिलर पाण्यातली उष्णता काढून हॉलमध्ये सोडतो, आणि हॉलमध्ये आम्ही बसतो. "माशांना एसी आणि माणसांना पंखा," असं बायको पाहुण्यांसमोर म्हणते, हसत म्हणते, पण वीजबिल हातात धरून म्हणते. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा लोक लोकलची चिंता करत होते. मी टाकीतलं पाणी जगने वर उचलून पुन्हा टाकीत ओतत होतो, माशांना प्राणवायू मिळावा म्हणून. आणि अशा पाण्यात आता वीतभर बाप्पा, दूर्वा आणि लाल फूल! पण बादली टाकीबाहेर होती. मी हात जोडले.

आरती झाली. बाप्पा माझ्या बाल्कनीत विसर्जित झाले. सकाळपर्यंत शाडू विरघळली. रीत अशी, की ते पाणी गटारात जाऊ नये, पायदळी येऊ नये, झाडांना घालावं. रीत चांगलीच आहे. फक्त ती ज्यांनी घातली त्यांच्या बादलीत गोडं पाणी होतं. नातवाने मला न विचारता बादली खाली नेली आणि सोसायटीच्या बागेत मोठ्या भक्तिभावाने रिकामी केली. पुढचं जास्वंदीला विचारा.

कमिटीच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की बादली अण्णांनी मागितली, पाणी नातवाने ओतलं. सेक्रेटरी म्हणाले, "पण खारटपणा तुमचा ना?" ठरावात हे वाक्य आलं आहे. मग त्यांनी मूळ प्रश्न काढला. एरवी ते माझ्या टाकीचा लोड स्लॅबला झेपतो का, एवढंच विचारतात. या वेळी म्हणाले, "मुळात घरात समुद्र हवाच कशाला? मुंबईला फुकट समुद्र आहे की!"

आहे ना, फुकट! म्हणून तर त्याची ही दशा. ज्याला पैसे पडत नाहीत त्यात या शहराने काय काय सोडायचं बाकी ठेवलंय? पावसाळ्यानंतर जुहूला गेलात तर वाळू दिसायला आधी प्लास्टिक बाजूला करावं लागतं. मासे बघायचे म्हटलं तर मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय होतं. १९५१ साली सुरू झालेलं, आमची पिढी तिथल्या काचांना नाक लावून मोठी झाली. २०१५ ला मोठ्या थाटात नवं केलं, आणि आता बंद. सेक्रेटरींना ते बंद असल्याचंच माहीत नव्हतं. "असं? मुलांना न्यायचं होतं," म्हणाले. आणि मुंबईच्या किनाऱ्याला प्रवाळ आहेत हे किती जणांना ठाऊक आहे? वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या वाटेत आले तेव्हा त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या. रस्ता मात्र जिथे ठरला तिथेच झाला. त्या प्रवाळांसाठी कुणी मीटिंग बोलावली नाही, ठरावात कुणाचा खारटपणा नोंदवला नाही. दोन जास्वंदींसाठी मात्र कोरम होता. चहा-बिस्किटंही होती.

मी पैसे देणार नाही, असं लेखी कळवलंय. अण्णा या सगळ्यात कुठेही नाहीत. त्यांनी खालच्या नोटीस बोर्डावर शेजारधर्माबद्दल माझे आभार मानलेत, आणि पुढच्या वर्षी सोसायटीतल्या सगळ्याच शाडूच्या मूर्तींची सोय 'वरच्या समुद्रात' करावी, अशी सूचना मांडली आहे. सूचनेला अनुमोदक मिळालाय.

काकू मात्र हल्ली रोज संध्याकाळी येतात. चपला बाहेर काढतात, हात धुऊन येतात, काचेला बोटही लावत नाहीत. या इमारतीत एवढी शिस्त पाळणाऱ्या त्या एकट्याच. खुर्ची ओढून क्लाउनफिशसमोर बसतात, मोठी बरी आहे ना, लहान्याचं काही बदललं का, याची चौकशी करतात. परवा खालून जिन्यातून अण्णांची हाक आली, "अगं, चहा!" मी काकूंकडे पाहिलं. त्या हलल्या नाहीत.

"अण्णा बोलावतायत," मी म्हणालो.

"ओरडू दे," काकू म्हणाल्या. "मी इथे आहे म्हणजे तिथे नाही. बघू, होतोय का काही बदल."