तण उपटायला पीएचडी कशाला? घरच्या गटावर आलेल्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दाजींनी एक लांबलचक मेसेज टाकला. मथळा होता 'आक्रमक प्रजाती नावाचा धंदा', आणि खाली 'प्रत्येक पालकाने वाचावे'. हाच मेसेज गेल्या दोन महिन्यांत मला चार ठिकाणांहून आलाय आणि प्रत्येक वेळी मी तो न बोलता पुसलाय. या वेळी गप्प बसणं शक्य नाही. माझी भाची वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाली, तिला पुढे इकॉलॉजी (परिसरशास्त्र) करायचंय आणि बाहेरून येऊन फोफावणाऱ्या वनस्पतींवरच काम करायचंय. मेसेज पडल्यावर दहा मिनिटांत तिचा फोन आला. "मावशी, बाबांनी टाकलेलं वाचलंस?" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली.

मेसेजचं म्हणणं असं. तण उपटणं हे मजुराचं काम, त्याला पीएचडी लागत नाही. सगळ्यांनी सकाळी तासभर हातांनी उपटलं तर एका पावसाळ्यात गाव साफ होईल. परदेशी झाडं वाईट ही गोऱ्यांची कल्पना, मिरची-बटाटाही परदेशीच. हिरवं ते हिरवं, प्राणवायू देतंच. गाजर गवत अमेरिकेने मुद्दाम पाठवलं आणि शास्त्रज्ञ ते लपवतात. त्यावर त्यांनी भुंगा आणला, तर तो सूर्यफूल खायला लागला. आणि शेवटी, या शिक्षणाला नोकरी नाही, मुलांना यात घालू नका.

हातांनी उपटा, हे सगळ्यात आधी घेते. बाकीचं चुकीचं आहे, हे धोक्याचं आहे.

आमच्या आण्णांना घरातले सगळे ओळखतात, पण त्यांच्या मानेचं काय झालं ते नव्या पिढीला माहीत नाही. वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत आण्णा दर पावसाळ्यात बांधावरचं गाजर गवत मुठीने उपटायचे. आधी बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग मनगटावर, मग कोपराच्या आतल्या बाजूला. पुढच्या पावसाळ्यात पापण्या सुजल्या, सकाळी डोळे उघडत नसत, आई कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून उघडायची. मानेची कातडी जाड आणि काळपट झाली, तिच्यावर खोल रेघा पडल्या. एका दवाखान्यात दोन वर्षं खरजेचं मलम दिलं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर छोट्या चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, आणि गाजर गवताचा अर्क लावलेल्या चौकोनाखाली लालभडक चट्टा उठलेला मी स्वतः पाहिला. तेव्हापासून आण्णा पावसाळ्यात शेताच्या त्या कडेला फिरकतसुद्धा नाहीत. तरीही वारं सुटलं की मान पेटते.

याचं कारण पार्थेनिन नावाचं रसायन. ते झाडावरच्या बारीक लवेत असतं. झाड वाळून त्याची धूळ झाली तरी ते अंगाला लागतं, म्हणून हात न लावताही पापण्या आणि मान सुजते. शरीराने एकदा हे रसायन 'ओळखलं' की ती ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. पुण्यात डॉ. लोणकरांनी गाजर गवताने होणाऱ्या या त्वचारोगाबद्दल साठ-सत्तरच्या दशकांतच लिहिलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी जे पुण्यात माहीत झालं, त्याच्या नेमकं उलट आज पुणे-साताऱ्याच्या गटांवर फिरतंय, याचा मला संताप येतो.

आणि एका पावसाळ्यात साफ? गाजर गवताचं एक मोठं झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं. मातीत गाडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. फुलल्यावर उपटून रस्त्याने ओढत नेलं, तर आपणच त्याची पेरणी करतो. कोणत्या अवस्थेत उपटायचं, बी किती वर्षं टिकतं, मोकळ्या झालेल्या जागी तरोटा पेरला तर गवत दबतं का, हे कुणीतरी शेतात बसून, मोजून काढलेलं आहे. मजूर उपटतो, ते कष्टाचं काम आहे आणि त्याचा मान आहेच. पण काय, कधी, कसं उपटायचं हे शोधणं हे वेगळं काम आहे, आणि भाचीला करायचंय ते हे.

यावर मेसेजवाला म्हणेल की एवढं तर कृषी सहायकही सांगतो. म्हणून दाजींना एक हकिकत सांगते, ती केरळातली आहे.

केरळात पाण्यावर तरंगणारा एक नेचा माजला होता. तिकडे त्याला 'आफ्रिकन पायल' म्हणतात. कुट्टनाडच्या कालव्यांवर त्याची एवढी जाड गादी की होड्या चालेनात, भातखाचरं भरून गेली. आफ्रिकेतल्या करिबा धरणाच्या जलाशयातही साठच्या दशकात शेकडो चौरस किलोमीटर पाणी त्याखाली झाकलं गेलं होतं. सगळे त्याला साल्विनिया ऑरिक्युलाटा समजत होते. त्या जातीला खाऊन संपवणारे कीटक त्रिनिदादहून आणले, आफ्रिकेत सोडले, पुढे केरळातही सोडले. नेचा हटला नाही. दरम्यान १९७२ साली डेव्हिड मिचेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ही ती जातच नव्हे, वेगळी आहे. तिला त्यांनी साल्विनिया मोलेस्टा हे नाव दिलं. आता प्रश्न आला की हिचं माहेर कुठलं? १९७८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांना ती आग्नेय ब्राझीलमध्ये सापडली. तिथे तिच्यावर सोंड असलेला, दोन-अडीच मिलिमीटरचा काळा भुंगेरा होता. तो १९८०मध्ये क्वीन्सलँडच्या मूनडारा तलावात सोडला आणि सव्वा वर्षाच्या आत हजारो टन नेचा सडून बुडाला. गंमत म्हणजे तो भुंगेराही आधी दुसऱ्याच जातीचा समजला जात होता, तोही नवीन निघाला, १९८५मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं. केरळात तो १९८३च्या सुमारास आणला. तीन-चार वर्षांत कालवे मोकळे झाले.

दाजी, इथे हातांनी उपटणारे हजारो होते. वर्षानुवर्षं उपटत होते. अडलं होतं ते एका नावावर. नेच्याच्या बीजाणूंच्या पिशव्या भिंगाखाली बघत बसलेला माणूस नसता, तर चुकीचेच कीटक सोडत राहिलो असतो. 'नुसती नावं ठेवायला पगार घेतात' अशी एक ओळ त्या मेसेजमध्ये आहे. त्या ओळीला माझं उत्तर हेच.

आपल्याकडची गोष्ट हवी असेल, तर फड्या निवडुंगाची घ्या. आण्णांचे वडील सांगायचे, माळच्या माळ निवडुंगाने व्यापलेले, गुरं आत शिरत नसत. १९२६मध्ये श्रीलंकेमार्गे एक खवले कीटक भारतात आला, त्या निवडुंगाच्या नेमक्या जातीवर जगणारा. आज निवडुंगाची ती रानं दिसत नाहीत. त्याच्याही आधी, १७९५मध्ये, इंग्रजांनी किड्यापासून निघणाऱ्या लाल रंगासाठी म्हणून ब्राझीलहून भलताच कीटक आणला होता. रंग काही मिळाला नाही, पण तो कीटक निवडुंगाची दुसरी एक जात खाऊन मोकळा झाला. दोन निवडुंग, दोन कीटक, दिसायला जवळपास सारखे. त्यांची अदलाबदल केली असती तर काही उपयोग नव्हता.

आता भुंग्याचं. इथे मेसेजवाल्याच्या हातात अर्धं सत्य आहे, ते मला मान्य करावं लागतं. मेक्सिकन भुंगा गाजर गवतासाठी आणला, बंगळूरला ४० जातींच्या वनस्पतींवर तपासून १९८४मध्ये सोडला, आणि काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला. शेतकरी घाबरले, सरकारने चौकशी समिती नेमली. हे सगळं खरं आहे. पण मेसेज इथे संपतो आणि पुढचं सांगत नाही. संशोधकांनी पाहिलं की भुंगे त्याच सूर्यफुलावर तोंड लावतात, ज्याच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे परागकण पडलेले असतात. त्यांना गाजर गवताची चव लागत होती, म्हणून ते खात होते. हे शोधायला पानावरची पिवळी भुकटी कुणीतरी पाहावी लागते, पुसलेल्या आणि न पुसलेल्या पानांवर भुंगे सोडून मोजावं लागतं. असलं काम करणाऱ्यालाच इकॉलॉजिस्ट म्हणतात. हा भुंगा सगळं गाजर गवत संपवणार नाही, कोरड्या महिन्यांत तो जमिनीत दडून बसतो, हेही त्याच लोकांनी सांगितलंय.

मिरची-बटाटा. हा मुद्दा मला दरवेळी ऐकवला जातो, म्हणून थोडक्यात. कोणीही इकॉलॉजिस्ट मिरची उपटा म्हणत नाही. जैवविविधतेवरच्या आयपीबीईएस या आंतरसरकारी संस्थेने सप्टेंबर २०२३मध्ये आक्रमक प्रजातींवर अहवाल दिला. भारत तिचा सदस्य आहे, तेव्हा ही 'गोऱ्यांची कल्पना' नव्हे. अहवाल म्हणतो की माणसाने जगभर ३७,०००हून अधिक परक्या प्रजाती इकडून तिकडे नेल्या आणि त्यातल्या ३,५००हून अधिक घातक ठरल्या. वनस्पतींपुरतं बोलायचं तर परक्या वनस्पतींपैकी जेमतेम ६ टक्के आक्रमक आहेत. म्हणजे १०० पाहुण्यांतले ९४ निरुपद्रवी, त्यांत मिरची, बटाटा सगळे आले. ते सहा कोणते, हे आधीच ओळखणं हाच तर या विषयाचा गाभा. २०१९ या एका वर्षात या प्रजातींनी जगाचं ४२३ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान केलं, असाही त्यात आकडा आहे. आणि वनस्पती किंवा किड्यांवर शत्रूकीटक सोडण्याचे जे प्रयत्न नोंदले गेले, त्यांतले ६० टक्क्यांहून अधिक यशस्वी ठरले, हेही त्यातच आहे.

हिरवं ते हिरवं म्हणणाऱ्याने एकदा घाणेरीच्या जाळीत वाकून पाहावं. खाली गवताची काडी नसते. घाणेरी दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली होती. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या निनाद मुंगी आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये मांडलं की देशातल्या व्याघ्रक्षेत्रातलं ४० टक्क्यांहून अधिक जंगल घाणेरीने व्यापलंय. चितळ, सांबर घाणेरी खात नाहीत. गवत नाही तर चितळ नाही, आणि पुढचं सांगायला नको. तीसुद्धा नुसती तोडली की दुपटीने फुटते. मूळ आणि खोड जुळतं ती जागा मातीखाली दोन-तीन बोटं कापून झाड उलटं ठेवायचं, ही रीत दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबूंनी कॉर्बेटच्या जंगलात बसवली. आपल्या शेताच्या वरच्या बाजूला करून पाहा, दाजी.

अमेरिकेने मुद्दाम पाठवलं, यावर फार लिहीत नाही. धान्याबरोबर आलं असावं, हे अनेक जाणकार मानतात आणि मलाही ते शक्य वाटतं. पण पुण्यात आर. एस. राव यांनी उकिरड्यांवर हे झाड १९५५मध्येच पाहून त्याची नोंद १९५६मध्ये छापली, आणि अमेरिकी धान्य आणणारा पीएल-४८०चा करार १९५६च्या ऑगस्टमध्ये झाला. म्हणजे झाड कराराच्या आधीच इथे होतं. अमेरिकी गहू मात्र १९५१च्या कर्जातूनही आला होता. त्याहून जुनं, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या १८१४च्या कलकत्ता बागेच्या यादीत या वनस्पतीचं नाव आहे. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडला, हेच गवत टेक्सासहून आलेल्या चाऱ्याच्या बियांतून शिरलं. ऑस्ट्रेलिया तर अमेरिकेचा मित्र. मग तिथे कोणी सूड उगवला? आणि यातलं काहीही 'लपवलेलं' नाही. शास्त्रज्ञांनी छापलं म्हणूनच मला ते लिहिता येतंय.

उरली नोकरी. दाजी, इथे तुमची काळजी खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. कायमच्या जागा थोड्या आहेत. नेट ही राष्ट्रीय परीक्षा पास होऊन संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० मिळतात, पण प्रकल्पावरच्या मुलांना त्याहून कमी आणि तेही महिने महिने उशिरा. तिशी ओलांडेपर्यंत बिऱ्हाड पाठीवर असतं. भाचीला हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, तिने वहीत लिहून घेतलंय. पण 'काहीच नाही' हे खोटं. देहरादूनची वन्यजीव संस्था, बंगळूरची कीटक संसाधनांची राष्ट्रीय संस्था, जबलपूरचं तणसंशोधन संचालनालय, पुण्यातलं वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र, बंदरांवरची क्वारंटाइन कार्यालयं, वनखात्याचे गवताळ कुरणांचे प्रकल्प, सगळीकडे ही माणसं लागतात. पपईवरचा पांढरा पिठ्या ढेकूण आठवतो ना? २००८मध्ये कोइमतूरला दिसला आणि बघता बघता आपल्याकडच्या बागांतही आला. २०१०मध्ये पोर्टो रिकोहून त्याच्यावरची चिमुकली गांधीलमाशी मागवून सोडली आणि तो आटोक्यात आला. ती माशी कोणती, हे कुणीतरी आधीच शिकून ठेवलेलं होतं.

आता तातडीचं. मेसेज वाचून गावातल्या शाळेने येत्या रविवारी गाजर गवत उपटायचं श्रमदान ठरवलंय, सातवी-आठवीची मुलं आहेत. मुख्याध्यापकांशी मी बोलले. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल. ज्याला आधीच खाज किंवा दमा आहे त्याला यादीतून वगळायचं. पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना, मुळासकट, आणि फक्त न फुललेली झाडं. फुललेली मोठी माणसं गोणीत भरतील. पन्नास जोड मोजे मी आणतेय, अजून तीस कमी पडतात. दाजी, बाजारातून येताना तेवढे घेऊन या, आणि गटावरचा तो मेसेज त्याआधी काढा.