बापाला नवा मोबाइल नका देऊ, एक तास द्या

मागच्या आठवड्यात भर दुपारी एक काकाजी दुकानात आले. दुपट्ट्यात गुंडाळलेला मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "पाह्य ना गा भाऊ, चार्जच नाई होत. पोरगा पुण्याहून म्हनते, नवाच घ्या. दाखव एखांदा बारा हजारातला."

मी टॉर्च लावून चार्जिंगच्या खाचेत पाहिलं. फोन बंद केला, दात कोरायची लाकडी काडी घेतली आणि आत हळूहळू फिरवली. मुगाच्या डाळीएवढी, दाबून दाबून घट्ट झालेली कापसाची लव बाहेर आली. वेचणीच्या दिवसात ज्या खिशात फोन त्याच खिशात कापसाचं बोंड. रोज पिन खुपसली की लव थोडी थोडी मागे ठासली जाते आणि एक दिवस पिन शेवटपर्यंत बसतच नाही. आता पिन लावली, टक् करून बसली, पडद्यावर बॅटरीची खूण आली. काकाजी बराच वेळ त्या खुणेकडेच पाहत होते.

बारा हजार रुपये म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. म्हणजे दीड क्विंटल कापूस, तोही हमीभाव मिळाला तर. पाच-सहा बायांची दिवसभराची वेचणी त्या लवेपायी गेली असती.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाजाराच्या एका गावात माझं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. नवा फोन विकला तर मला चार पैसे मिळतात. तरीही हे लिहितो आहे, आणि जी पोरं-पोरी पुण्यात, नागपुरात, संभाजीनगरात नोकरीला आहेत त्यांच्यासाठी लिहितो आहे. तुम्ही दिवाळीला घरी येता, बापाचा जुना फोन पाहून तुम्हाला वाईट वाटतं, तुम्ही नवा घेऊन देता. त्यामागचं प्रेम मला दिसतं. पण महिन्याभरात तेच काकाजी तोच नवा फोन घेऊन माझ्याकडे येतात, कारण त्यात काय कुठे आहे ते कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगायला बसलात तरी फोन हातातून घेता, दहा सेकंदात काम करता आणि परत देता. "झालं बाबा." बाबाला काय समजलं? काहीच नाही. फोन त्यांच्या हातात राहू द्या. बोट त्यांचंच चालू द्या, वेळ लागला तरी.

आणि त्या बोटाबद्दल आधी सांगतो, कारण नव्वद टक्के माणसं इथंच हरतात असं माझं मत आहे. शेतकऱ्याचं बोट राकट असतं. घट्टे पडलेलं, हिवाळ्यात भेगाळलेलं, पऱ्हाटीच्या बोंडाच्या टोकांनी ओरखडलेलं. मोबाइलचा पडदा बोटातून जाणारा बारीकसा विद्युतभार ओळखून काम करतो. कातडी कोरडी आणि जाड असली की त्याला बोट नीट कळत नाही. मग माणूस जोरात दाबतो, दोनदा दाबतो, भलतंच उघडतं आणि तो म्हणतो, "मले नाई जमत." त्यात त्याचा काही दोष नाही. बोट जरासं ओलं करून पुसायला सांगा. पडद्यावरची जाड, तडकलेली काच बदला. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, ती चालू करा. अक्षरं मोठी करा. अंगठ्याचा ठसा लागत नसेल तर जुना काढून तोच अंगठा दोन वेळा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा कडेनं. एवढं केलं की निम्मी भीती जाते.

उरलेली निम्मी भीती इंग्रजीची आणि टायपिंगची. तिच्यावर माइक हा इलाज आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषांमध्ये मराठी घाला, मग कीबोर्डवरचा माइक दाबून बोला. अक्षरं आपोआप उमटतात. आपली वऱ्हाडी बोली त्याला शंभर टक्के कळत नाही, 'मले'चं भलतंच काही लिहितो कधी कधी, पण मतलब पोचतो. आकडे तेवढे वाचून घ्यायचे. माझ्या घरी बायको वेचणीचा सगळा हिशेब असाच ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच नंबरला संदेश पाठवता येतो, तिथं ती रोज संध्याकाळी बोलते: कोणाचं किती किलो झालं, कोणाला किती उचल दिली. तारीख-वेळ आपोआप लागते, आणि दिवाळीनंतर एखादी बाई म्हणाली की माझे दोनशे राहिले, तर नाव टाकून शोधलं की सगळ्या नोंदी समोर. आधी हा हिशेब कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं असायचा. त्यावरून भांडणंही व्हायची.

आता कॅमेरा. फोटो काढायचा एवढंच आपण त्याच्याकडून करून घेतो. यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ ची फवारणीतली विषबाधा पाहिली आहे. वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. आमच्या भागात तो हंगाम कोणी विसरलेलं नाही. औषधाच्या डब्यासोबत जो घडीचा कागद येतो त्यावरची अक्षरं मुंगीएवढी असतात, आणि तोच कागद आपण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकून देतो. कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढा आणि दोन बोटांनी मोठा करून वाचा. मजकूर इंग्रजीत असेल तर गुगल लेन्स उघडून त्यावर धरा, मराठीत दाखवतं आणि वाचूनही दाखवतं. मात्रा किती हे मात्र भाषांतरावर सोडू नका, मूळ आकडा डोळ्यानं पाहा. डब्यावरचा रंगीत त्रिकोण तर वाचायचीही गरज नाही: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारणी सुरू करायच्या आधी डब्याचा फोटो काढून ठेवायची सवय लावा. कोणाला भोवळ आली तर दवाखान्यात "कोन्तं औषध होतं?" या प्रश्नावर सगळे एकमेकांची तोंडं पाहतात. विष कोणतं यावर उपचार ठरतो. फोटो दाखवला की डॉक्टरांना घटकाचं नाव तिथल्या तिथं मिळतं. फोनमधली एकच गोष्ट शिकवायची असेल तर ही शिकवा.

अळीचं, पानावरच्या डागाचं तसंच. "कपाशीवर रोग आला" असं फोनवर सांगून कोणाला काही कळत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि पूर्ण झाड, असे तीन फोटो सकाळच्या उजेडात काढा. बोंड चिरून आतला फोटो काढा. गुलाबी अळी बाहेरून दिसत नाही. मग सहायक कृषी अधिकाऱ्याला (जुन्या नावानं कृषी सहायक), नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात पाठवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो नंबर बाबाच्या फोनमध्ये 'शेती' नावानं सेव्ह करून द्या.

ई-पीक पाहणीचं, म्हणजे वावरातल्या पिकाची सातबाऱ्यावरची नोंद मोबाइलवरून स्वतः करायचं, सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यात सुरू आहे, म्हणजे आता काही नवी राहिली नाही, तरी अजून निम्मं गाव दुसऱ्याकडून करून घेतं. अडचण बहुतेक वेळा लोकेशनची असते. वावरात गेल्यावर लोकेशन चालू करा, झाडाखालून बाहेर मोकळ्यात या आणि एक-दोन मिनिटं थांबा. जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही; त्याला मोकळं आभाळ लागतं. घाईघाईत धुऱ्यावरूनच फोटो मारला की गडबड होते. नोंद चुकली तर ४८ तासांत दुरुस्त करता येते, तेव्हा त्याच संध्याकाळी घरच्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

वीज पडायची भीती आपल्याकडं मोठी आहे. आभाळ गरजलं की आमच्याकडं माणूस आधी मोबाइल बंद करतो आणि मग मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहतो. खिशातला मोबाइल वीज ओढून घेत नाही. जीव जातो तो झाडापायी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आहे, आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. नुसतं टाकून उपयोग नाही. लोकेशन आणि सूचना दोन्हींना परवानगी द्या, आणि बॅटरी वाचवायच्या सोयीतून ते वगळा, नाहीतर फोन त्याला झोपवून टाकतो आणि इशारा येतच नाही.

बॅटरीबद्दल तक्रार सगळ्यांची असते, आणि कारण बहुतेक वेळा वावरात असतं. जिथं रेंज कमी, तिथं फोन टॉवर शोधायला जास्त ताकद लावतो. दिवसभर अशा वावरात राहिलं की बॅटरी न वापरताच संपते. रेंज नाहीच तर फ्लाइट मोड लावून ठेवा, काम झालं की काढा. दुसरं कारण आपला उन्हाळा. ४५ अंशांच्या पुढच्या उन्हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेली बॅटरी फुगून माझ्याकडे येते. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. सावलीत ठेवा, कव्हर काढा, गार होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. पावसात भिजला तर लगेच बंद करा आणि पुसून वाऱ्याला ठेवा. तांदळाच्या डब्यात घालणारे खूप येतात. तांदळाची पूड आत जाते आणि काम वाढतं.

फोन हळू चालतो म्हणून बदलायचा असेल तर आधी व्हॉट्सअ‍ॅप पाहा. रोजच्या शुभ सकाळच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी जागा भरलेली असते. आपोआप डाउनलोड बंद करा, जुनं काढून टाका.

आता पैशाचं, आणि हे मला जड मनानं लिहावं लागतं. माझ्या मोठ्या बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली, नावात पीएम किसान होतं, शेवटी एपीके होतं. ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून आली, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेला होता. त्यांनी ती उघडली, विचारलं तिथं हो म्हटलं. अशी फाइल म्हणजे एक अ‍ॅपच असतं. त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी तिकडच्या माणसाला दिसतो, तुम्ही कोणाला सांगा की नका सांगू. दोन दिवसांनी खात्यातले तुरीचे पैसे गेले. शरमेपायी ते आठ दिवस घरात बोलले नाहीत. १९३० हा सायबर मदतीचा नंबर आहे. पैसे गेल्याबरोबर लावला तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. आठ दिवसांनी कोण काय अडवणार? म्हणून बाबाला सांगताना "काही उघडू नका" असं ओरडू नका. "काही झालं तर पहिला फोन मला लावा, मी रागावणार नाही" असं सांगा. आणि सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅपला बाहेरचं अ‍ॅप टाकायची परवानगी बंद करून ठेवा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हेही त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

सरकारी कामांपैकी थोडी घरबसल्या होतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत निघतो. कापूस सीसीआयला, म्हणजे हमीभावानं खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आणि तारीख घ्यावी लागते. ती स्वतः घ्या, दुसऱ्याच्या फोनवरून घेतली तर मेसेज त्याच्याकडे जातो. आणि गाडी भरायच्या आधी कापूस वाळवा, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर अ‍ॅप काही करू शकत नाही.

हाच मेसेजचा प्रश्न बायांचा आहे. लाडक्या बहिणीच्या केवायसीच्या वेळी माझ्या दुकानात बाया रांगेत उभ्या होत्या, आणि ओटीपी जात होता नवऱ्याच्या फोनवर, नवरा वावरात, फोन बंद. एक मावशी तीन दिवस मजुरी बुडवून येत होती. घरात दोन फोन असतील तर एक तिचा असू द्या, तिच्या नावाच्या सिमचा. घरचं राशन, पोरांची शाळा, बचत गट, सगळं तीच पाहते. माइक दाबून बोलायला माझ्या अनुभवात बाया पुरुषांपेक्षा लवकर शिकतात, कारण त्या विचारायला लाजत नाहीत.

लहान पोरं असतील तर बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपनं उघडून दाखवा.

जायच्या आधी एक काम राहतं. *#०६# लावा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येईल, तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. आठवडी बाजारात फोन गेला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी या सरकारी साइटवर तो बंद करता येतो, तेव्हा हाच आकडा मागतात.

आमच्या गावात मी दर रविवारी संध्याकाळी सात ते आठ दुकानासमोरच्या बाकड्यावर बसतो. पैसे नाहीत. या रविवारी काकाजी काकूंना घेऊन येणार आहेत, वेचणीचा हिशेब बोलून लिहायला शिकायचा म्हणून. ज्यांचे आईबाबा आसपासच्या खेड्यात आहेत त्यांनी फोन करून सांगा, येताना वही आणा आणि चार्जर आणा.