‘१४ मार्चच्या आत पाइक काढून घ्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

फेब्रुवारी संपत आला की इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. तो आहे पाइक या गोड्या पाण्यातल्या लांबट शिकारी माशाबद्दल. त्याचा गोषवारा असा: ‘१४ मार्चला सीझन संपतो. त्यानंतर कालव्यावर गळ टाकलात तर दंड. तोवर मिळतील तितके पाइक काढा. हा बाहेरून आलेला मासा, कालव्यातले बाकीचे मासे फस्त करतो, कालवेवाल्या ट्रस्टलाच तो नकोय. म्हणून पकडलेला परत सोडू नका. या दिवसांत मोठ्या माद्या काठाला येतात, गाबोळीने भरलेल्या असतात. लहान असेल तर सोडा खुशाल, चिवट जात आहे, काही होत नाही.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘जनहितार्थ’.

तारखेपासून सुरुवात करू, कारण तिथे निदान अर्धं तरी खरं आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यामुळे इथेही एकच तारीख सगळ्या पाण्याला लागू असणार असं वाटतं. इथे मात्र कुठलं पाणी यावर सगळं ठरतं. सामन आणि ट्राउट वगळता गोड्या पाण्यातल्या इतर माशांसाठी १५ मार्च ते १५ जून अशी बंदी आहे आणि तिचं मूळ १८७८ च्या कायद्यात आहे. तो कायदा आणला शेफील्डचे खासदार ए. जे. मंडेला यांनी (नेल्सन मंडेलांशी काही संबंध नाही). पण १९९५ मध्ये बहुतेक तळ्यांवरून आणि २००० मध्ये बहुतेक कालव्यांवरून ही बंदी उठली. नद्यांवर ती आजही आहे.

म्हणजे स्लाउ किंवा हेझच्या बाजूला ग्रँड युनियन कालव्यावर १५ मार्चला रोच, पर्च असले छोटे मासे गरवायला बसलात, तर ही बंदी तुमच्या आड येत नाही. खिशात एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं रॉड लायसन्स (गळाने मासे पकडण्याचा परवाना) हवं आणि त्या पट्ट्याचा क्लबचा परवाना किंवा दिवसाचं तिकीट हवं. दंडाची भीती घालायचीच असेल तर लायसन्सची घाला. ते नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो बारा महिने.

इथे रेडिंगकरांनी जरा लक्ष द्यावं. केनेट अँड एव्हन हा नावाने कालवा असला तरी रेडिंग ते न्यूबरी या टप्प्यात तो ठिकठिकाणी केनेट नदीतूनच जातो. जिथे नदी, तिथे नदीचा नियम. काठावरून चालताना फरक कळतही नाही, तोच टो-पाथ (काठची पायवाट), तेच लॉक (बोटी वर-खाली करणारी पाण्याची दारं). क्लबच्या नियमपुस्तिकेत कुठला पट्टा कशात मोडतो ते दिलेलं असतं, ते बघूनच बसायचं. शिवाय निसर्गसंरक्षणासाठी राखलेल्या काही कालव्यांवर बंदी कायम आहे, तिथेही आधी विचारावं.

मग कालव्यावर बंदी नसताना पाइकवाले मार्चच्या मध्यालाच काठ्या का आवरतात? बऱ्याच क्लबांचा स्वतःचा नियम असतो: पाइक १ ऑक्टोबर ते १४ मार्च, एरवी नाही. त्याला कारण आहे. पाणी जरा तापलं की पाइकचा विणीचा काळ येतो. माद्या उथळ, गवताळ जागी सरकतात, अंडी पाणवनस्पतींना चिकटवतात. त्याच सुमाराला हिवाळ्यातली लॉकदुरुस्तीची कामं संपून बोटी हलायला लागतात आणि पाणी चहासारखं गढूळ होतं. म्हणजे फॉरवर्ड ज्या तारखेला लुटीची शेवटची संधी समजतो, ती पाळली जाते ती याच माद्यांना मोकळं सोडण्यासाठी.

‘बाहेरून आलेला मासा.’ साफ चूक. ब्रिटन जेव्हा जमिनीने युरोपला जोडलेलं होतं आणि थेम्ससारख्या नद्या तिकडच्या नद्यांना मिळत होत्या, त्या काळापासूनचा हा इथला रहिवासी. कालवे खणले गेले ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. स्लाउची शाखा तर १८८२ च्या सुमाराची. तेव्हा उपरं कोण म्हणायचं, तर कालवा. कॅलिफोर्नियात मात्र पाइक खरोखरच उपरा आहे. तिथल्या लेक डेव्हिस तलावात १९९७ ला आणि पुन्हा २००७ ला सरकारने औषध घालून तो मारला. असले व्हिडिओ बघून कुणी इथल्या कालव्याबद्दल मत बनवत असेल, तर त्याने आधी नकाशा उघडावा.

‘ट्रस्टलाच तो नकोय.’ हे वाक्य दुसऱ्याच माशाचं आहे. कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट काही कालव्यांतून विजेचा सौम्य झटका देऊन जो मासा काढतो, तो जॅंडर. तो इथला नाही. १९६३ मध्ये ग्रेट ऊझ नदीच्या रिलीफ चॅनेलमध्ये (पुराचं पाणी वळवणाऱ्या कालव्यात) सोडला गेला आणि पुढच्या दशकात मध्य इंग्लंडमधल्या, म्हणजे मिडलंड्सच्या, कालव्यांत पोचला. त्याला परत पाण्यात सोडण्याचे नियमही वेगळे आणि कडक आहेत. दोघांचं अंग लांबट, दोघांना सुळे, त्यामुळे नवख्याची गल्लत होऊ शकते. पण पाठ बघितली की संपलं. जॅंडरच्या पाठीवर दोन पर, पुढचा काटेरी. पाइकला एकच, तोही पार मागे, शेपटीला टेकल्यासारखा.

आता मुख्य मुद्दा: ‘बाकीचे मासे फस्त करतो’. पाइक मासे खातो, यात वाद नाही, त्यासाठीच तो जन्माला आलाय. प्रश्न असा की मोठे पाइक काढले तर बाकीचे मासे वाढतात का? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरात हा प्रयोग दुसऱ्या महायुद्धापासून झालेला आहे. १९४१ पासून तिथे पिंजरे लावून पर्च मोठ्या प्रमाणावर काढला. युद्धात अन्नाची टंचाई, म्हणून तो डब्यात भरून ‘पर्चीन्स’ नावाने विकलाही. १९४४ पासून मोठ्या आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांनी पाइक काढायला सुरुवात झाली. अशा जाळ्यात लहान पाइक अडकत नाही, निसटून जातो. मोठे कमी झाले, आणि लहान पाइकांची संख्या वाढली.

कारण उघड आहे. लहान पाइकचा एक मोठा शत्रू म्हणजे मोठा पाइक. स्वतःच्या जातीला खाण्यात या माशाला काही वाटत नाही. मोठी मादी आपल्या पट्ट्यातल्या पोराटोरांना धाकात ठेवते, नाहीतर गिळते. ती गेली की त्या जागी दीड-दोन पौंडाची चार-पाच येतात. वाढत्या अंगाच्या माशाला वजनाच्या मानाने जास्त खायला लागतं, आणि त्याच्या तोंडात मावतो तो नेमका बोटभर रोच, ज्याच्यासाठी आपण गळे काढतोय. जुने कालवेवाले पूर्वी पाइक दिसला की मारायचे. त्यातल्या कित्येक क्लबांनी ते केव्हाच सोडलं, ते काही भूतदयेपोटी नाही.

रोच कमी दिसतो तेव्हा आधी पाणकावळ्यांकडे बघा, आणि पाणी ढवळणाऱ्या बोटींकडे. चिखल उठला की तळापर्यंत ऊन पोचत नाही, पाणवनस्पती वाढत नाहीत, आणि रोच अंडी घालणार कशावर?

गाबोळीबद्दल. पाइक खायला वाईट असतो असं मी म्हणणार नाही. फ्रान्सच्या ल्याँमध्ये त्याचे केनेल (माशाचे उकडलेले गोळे) करतात, पोलंडपासून रशियापर्यंत तो घरोघरी खाल्ला जातो, आणि पाला मासा चवीने खाणाऱ्याला काट्यांचं भय दाखवण्यात अर्थ नाही. पण नियम असा: इंग्लंडमध्ये नदीतून दिवसाला एक पाइक घेता येतो, तोही ६५ सेंटिमीटरपर्यंतचाच. कालव्यातून किंवा तळ्यातून घ्यायचा तर मालकाची परवानगी लागते, आणि क्लबच्या पाण्यावर ती बहुधा मिळत नाही. परवानगीवाचून नेणं हा १९६८ च्या चोरीच्या कायद्याखाली गुन्हा आहे. हा ६५ चा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. नर सहसा दहा पौंडाच्या पुढे जात नाही, त्यामुळे ‘केवढा मोठा!’ म्हणून ज्याचा फोटो काढता ती जवळजवळ नेहमी मादीच, आणि नियम तिलाच वाचवतो. वर, शिकारी मासा असल्याने अंगात पारा साठतो. स्वीडनचं अन्न खातं गरोदर बायकांना पाइक वर्षातून दोन-तीनदाच खायला सांगतं. कारखान्यांच्या कडेने गेलेल्या जुन्या कालव्याच्या गाळाबद्दल वेगळं काय बोलायचं.

गंमत म्हणजे हीच मंडळी गावी गेली की सांगतात, पूर्वी वलगणीला (पहिल्या पावसात) ओढ्याला काय मासा चढायचा, आता काही राहिलं नाही. अंड्यांवरचा मासा दरवर्षी टोपलीभर उचलला तर राहणार कसा?

कालव्यांवर काही ठिकाणी मासे नेऊ नका अशा पाट्या इंग्रजीबरोबर पोलिश, लिथुआनियन, रशियन भाषांत लागलेल्या आहेत. सगळ्या पूर्व युरोपीय लोकांवर त्यामुळे शिक्का बसला, जो बहुतेकांच्या बाबतीत अन्यायाचा आहे. त्या रांगेत मराठीची भर पडू नये अशी माझी इच्छा आहे.

शेवटचं, ‘चिवट जात’. पाइकचा जबडा बघून असं वाटतं खरं. प्रत्यक्षात तो नीट हाताळला नाही तर पटकन मरतो, आणि मरतो तो तासाभराने, तुमच्या नजरेआड. म्हणून सामान आधी: दीड फुटाची तरी वायर (नुसतं तंगूस त्याचे दात सहज कापतात), मोठ्या तोंडाचं जाळं, ओली केलेली मऊ चटई, लांब चोचीची पक्कड. मेलेला सार्डिन किंवा स्मेल्ट आमिषाला लावलात तर इशारा (मासा लागल्याची खूण देणारा तरंगा) हलताच ओढा. ‘नीट गिळू दे’ म्हणत थांबलात की गळ पोटात. मासा चटईवर आडवा घ्या, डोकं तुमच्याकडे. हाताची बोटं कल्ल्याच्या झाकणाच्या कडेने आत सरकवून हनुवटीच्या हाडापाशी आणा, लाल कल्ल्यांना स्पर्श होऊ न देता. जरा उचललं की तोंड आपोआप उघडतं. गळ समोरून दिसत नसेल तर पक्कड कल्ल्याच्या फटीतून घाला, गळ उलटा फिरतो आणि सुटतो. भरलेल्या मादीला पोटाखाली दाबून धरायचं नाही, उभं लटकवायचं तर मुळीच नाही. फोटो हवाच तर चटईवर, गुडघ्यावर बसून.

एवढं जमत नसेल तर पाइकच्या नादी न लागलेलं बरं. १५ मार्चनंतर कालव्यावर रोच, पर्च आहेतच, मे महिन्यात टेंच नावाचा मासा लागायला लागतो. त्याला वायर नको, पक्कड नको, डब्यातला मक्याचा दाणा लावला तरी चालतो.