साहेबांसाठी गिफ्ट का?

आज अर्धी रजा टाकून क्यूची टिप बदलायला गेले होते. क्यू म्हणजे पूलच्या टेबलावर बॉल मारायची काठी, आणि टिप म्हणजे तिच्या टोकावरचं चामड्याचं गोल बटण, शर्टाच्या बटणाएवढंच. माझी झिजून गुळगुळीत झाली होती, दोन आठवडे दर चौथ्या शॉटला सटकत होती. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात काउंटरवर केस ठेवली, चेन उघडली, क्यूचे दोन्ही तुकडे काढून एकमेकांत फिरवून बसवले, आणि दुकानदार काका प्रेमाने म्हणाले, "साहेबांसाठी गिफ्ट का, मॅडम?"

टिप झिजलेला, मुठीवरचा दोरा माझ्याच घामाने काळपट पडलेला क्यू मी नवऱ्याला गिफ्ट देणार? आणि बोटं तरी बघा ना माझी. अंगठा आणि पहिलं बोट निळं. टिपला घासायच्या चॉकचा रंग आहे तो, शाई नव्हे.

साहेबांना क्यूचं कुठलं टोक धरायचं ते माहीत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यात ते पूल पार्लरमध्ये एकदा आले, कोल्ड कॉफी प्यायले, "एसी मस्त आहे" म्हणाले आणि गेले. मी गेली नऊ वर्षं मंगळवार-गुरुवार खेळते. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "अच्छा, तुम्ही पण खेळता!" या 'पण'वर एक वेगळी पोस्ट लिहीन.

बरं, मान्य. त्यांच्या दुकानात येणाऱ्या दहातल्या नऊ बायका नवऱ्यासाठी नाहीतर मुलासाठी येत असतील. असतील. मग दहावीने काय कपाळावर पाटी लावून यायचं?

पण खरी चिडचिड काकांवर नाहीच. परत येताना स्कूटरवर डोक्यात हिशोब सुरू झाला, की ज्यांना मी खेळते हे नीट ठाऊक आहे त्यांनी तरी नऊ वर्षांत मला काय दिलं? पूलच्या काळ्या आठ नंबरच्या बॉलचे कॉफी-मग, पाच. तसल्याच किचेन, मोजल्या नाहीत. एक टी-शर्ट, त्यावर खेळाच्या सुरुवातीला रचतात तो बॉलचा त्रिकोण छापलेला आणि त्यात आठ नंबरचा काळा बॉल कोपऱ्यात. अहो, तो त्रिकोणाच्या मधोमध ठेवतात! खेळ सुरू होण्याआधीच चुकलेला टी-शर्ट घालून मी पार्लरमध्ये जाऊ? एकदा गुलाबी ग्लोव्ह आला. उजव्या हाताचा. मी क्यू उजव्या हाताने मारते, म्हणजे ग्लोव्ह लागतो डाव्या हाताला, जो टेबलावर टेकवून क्यू त्यावरून सरकवायचा असतो. पण गुलाबी होता ना, म्हणजे बाईसाठी विचार करून घेतलेला.

घड्याळाबद्दल सांगते. ऑफिसमधल्या मंडळींनी वर्गणी काढून दिलं होतं. मोठं, भिंतीवरचं, आकड्यांच्या जागी पूलचे बॉल. आता पूलमध्ये एक ते सात अख्ख्या रंगाचे, आठ काळा, आणि नऊपासून पंधरापर्यंत पांढऱ्यावर रंगाचा पट्टा. एक पिवळा, म्हणून नऊ पिवळ्या पट्ट्याचा. या घड्याळात नऊ अख्खा पिवळा आहे. गेली चार वर्षं ते फ्रिजच्या वर टांगलंय आणि रोज सकाळी डबा भरताना नऊच्या जागी एक वाजलेला दिसतो. काढून टाकता येत नाही, दिलेल्यांपैकी दोघी वरचेवर घरी येतात. (त्या हे वाचतायत. बायांनो, प्रेम आहेच. पण नऊ!)

आणि मग आमच्या आई. म्हणजे सासूबाई.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवत होत्या. रिटायर होऊन आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना माझं हे खेळणं आवडलं नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू. "पार्लर" हा शब्द त्या असा उच्चारायच्या की शेजारचे खिडकी लावून घेतील. तीन वर्षांपूर्वी एकदा मी फोनवर पार्लरमधल्या पोराला ओरडत होते, "अरे, चॉक संपलाय, मागवून ठेव, परवा मी कशाने खेळू?" आई शेंगा सोलत बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी, पाऊस चालू असताना, बसने अप्पा बळवंत चौकात जाऊन आल्या आणि माझ्यापुढे एक डबा ठेवला. खडूंचा. शाळेतल्या फळ्यावरच्या खडूंचा.

"तुझे संपलेत म्हणे. पांढरे नाही घेतले. तुझी बोटं निळी असतात."

डबा उघडला तर सगळे निळे. दुकानात रंगीत डबे होते, त्यात निळे मोजके, म्हणून चार डब्यांतले वेचून एक डबा करून घेतला होता. दुकानदाराशी त्यावरून किती हुज्जत घातली असेल हे मला आईंना ओळखून कळतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पूलचा चॉक आणि फळ्याचा खडू यांचा नावापलीकडे काही संबंध नाही. शाळेचा खडू जिप्समचा, मऊ, भुगा होणारा. क्यूचा चॉक म्हणजे सिलिका आणि खरखरीत पूड एकत्र दाबून केलेला छोटा ठोकळा. १८९७ साली अमेरिकेत एका खेळाडूने आणि एका रसायनतज्ज्ञाने त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी लोक खरोखरच साधा खडू वगैरे लावायचे, म्हणजे आई फक्त सव्वाशे वर्षं उशिरा पोचल्या. चॉकचं काम एकच, चामडं आणि गुळगुळीत बॉल यांची पकड जमवणं. शाळेच्या खडूला ते जमत नाही.

हे ठाऊक असून मी गुरुवारी लावला. एकदाच. टिप खटकन सटकली, पांढरा बॉल बेडकासारखा उडी मारून शेजारच्या टेबलाखाली गेला आणि कॉलेजची पोरं हसून लोळली.

तर मुद्दा हा की, लोक हल्ली मला विचारतात, "अगं, माझा मुलगा पूल खेळतो, वाढदिवसाला काय देऊ?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच क्यू घेऊन मोकळे झालेले असतात. नका घेऊ! दुसऱ्याला परस्पर चष्मा घेता का? क्यू साधारण अठरा ते एकवीस औंसांचा असतो. माझा एकोणीसचा, म्हणजे ५४० ग्रॅमच्या आसपास. वीसचा हातात घेतला की मला दुसऱ्याची कढई उचलल्यासारखं वाटतं. माझ्या मामेभावाने लंडनहून क्यू आणला होता, केवढा खर्च केला त्याने. तो निघाला स्नूकरचा, म्हणजे पूलच्याच जातीच्या दुसऱ्या खेळाचा. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, पूलचा ५७.१५, वजनालाही जास्त. स्नूकरच्या क्यूची टिप बारीक, साडेनऊ-दहा मिलिमीटर, माझी तेरा. त्याने मी पूलच्या बॉलचा रचलेला त्रिकोण फोडायला गेले असते तर क्यू रडला असता. सध्या माळ्यावर आहे, गुंडाळून.

द्यायचंच असेल तर पार्लरच्या गल्ल्यावर जाऊन दहा तासांचे पैसे भरून या. आमच्याकडे तासाला २०० रुपये आहेत. त्याच्या नावावर लिहून ठेवा म्हणावं. यात कागदात गुंडाळायला काही नसतं म्हणून लोकांना ते गिफ्ट वाटत नाही, पण खेळणाऱ्याला विचारा. नाहीतर क्यूच्या जोडाला लावायची टोपणं द्या. दोन तुकड्यांचा क्यू उघडला की आतला स्क्रू उघडा राहतो, त्यात धूळ जाते, आटे खराब होतात. छोटीशी टोपणं, पण माझी दर सहा महिन्यांनी एक हरवते. चांगला चॉक द्या, किंवा चांगल्या कारागिराकडून टिप बसवून द्या. आज काकांनी माझी टिप बसवली ती बघत बसले होते. जुनी कापून काढली, गोंद खरवडला, नवी चिकटवून कडा ब्लेडने अशी तासली की बोट फिरवलं तरी जोड लागेना. चिडले होते तरी बघतच राहिले. मग क्यू काचेवर ठेवून एका बोटाने घरंगळवला, टोक उडतंय का बघायला. नाही उडालं. "नीट ठेवलाय तुम्ही," म्हणाले. "उन्हाळ्यात गाडीत ठेवत नाही ना?" म्हटलं नाही, पलंगाखाली असतो. तेव्हा पहिल्यांदा माणूस माझ्याशी खेळणाऱ्याशी बोलतात तसं बोलला. जाऊ दे, काका माफ.

माफ नाही ते आमचे एक नातेवाईक. परवा जेवायला आले आणि म्हणाले, "हे पार्लरचे धंदे आपल्याकडचे नाहीत, गिफ्ट द्यायचंच तर चांगलं पुस्तक द्यावं." मी काही बोलले नाही, पाहुणे होते. आता बोलते. १९५८ साली बिलियर्ड्सचं, म्हणजे क्यूनेच खेळायच्या आणखी एका खेळाचं, हौशी जगज्जेतेपद जिंकून भारताचा पहिला वैयक्तिक जगज्जेता झालेला विल्सन जोन्स जन्माने पुण्याचा. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणी पुण्यात जन्मला. स्नूकर तर जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्माला आला, १८७५ साली. हे खेळ आपल्याकडचे नाहीत तर मग क्रिकेट काय वाईच्या घाटावर सुरू झालं का? आणि बायकांचं विचाराल तर स्नूकर खेळणाऱ्या बंगळूरची विद्या पिल्लई, इंदूरची अमी कमानी, या काय साहेबांसाठी क्यू घेऊन फिरतात?

हो, काही पार्लरमध्ये धूर असतो, शाळेची पोरं दप्तरासकट येऊन बसतात, हेही खरं. तिथे मी जात नाही. पुस्तकं मला आवडतात, तेही खरं. पण मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मला पुस्तक नको असतं.

लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक. घड्याळात अकरा वाजलेत, म्हणजे अख्ख्या लाल बॉलवर काटा आहे, जो खरं तर तीनचा.

आईंच्या डब्याचं राहिलं. तो मी पार्लरमध्ये ठेवला. तिथे गल्ल्यामागे एक छोटा फळा आहे, टेबलासाठी थांबलेल्यांची नावं लिहितात. पूर्वी पोरगा कसल्यातरी तुकड्याने लिहायचा, वाचता यायचं नाही. आता सगळी नावं ठळक निळ्यात. आईंना मी "छान आहेत, खूप चालतात" असं सांगितलं, जे खोटं नाही. त्यामुळे दर वर्षी माझ्या वाढदिवसाला एक डबा येतो. सगळे निळे, वेचलेले. आतापर्यंत तीन झाले. पाच मग, इतक्या किचेन, तो गुलाबी ग्लोव्ह, यातल्या कुणी माझ्या बोटांकडे पाहिलं होतं?

आज टिप बसवून तशीच पार्लरला गेले होते, तेव्हा पोरगा म्हणाला, "ताई, निळे खडू संपले, आता पांढऱ्याने लिहू का?" म्हटलं, थांब दोन आठवडे.

आत्ता आई पाणी प्यायला उठल्या. "एवढं खडाखडा काय लिहितेस? कुणाशी भांडतेस का?" म्हणाल्या. मग फ्रिज बंद करता करता, "तुझा वाढदिवस आला. खडू आहेत का अजून?"

"संपले, आई. या वेळी दोन डबे आणा."