'एक तरी वेत होऊ द्या' आणि त्या मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी

पाळीव कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीची (म्हणजे अंडाशय किंवा अंडकोष काढण्याच्या ऑपरेशनची) सक्ती करणाऱ्या स्थानिक नियमांविरुद्ध एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय की एक तरी वेत झाल्याशिवाय मादीचं ऑपरेशन करणं घातक, नराला तर त्याची गरजच नाही, ऑपरेशननंतर जनावर लठ्ठ आणि मठ्ठ होतं, विज्ञानानेच आता नसबंदी अपायकारक ठरवली आहे आणि नॉर्वेत तर तिच्यावर बंदी आहे. सबब असा नियम म्हणजे निव्वळ अत्याचार. यातल्या दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि सगळा घोळ त्यांनीच घातला आहे. पण आधी साफ चुकीच्या गोष्टी बाजूला काढू.

एकदा व्यायल्याने मादीची तब्येत सुधारते, याला कसलाही आधार नाही. कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींबद्दल 1969 सालचा एक अमेरिकन अभ्यास नेहमी सांगितला जातो. नसबंदी न झालेल्या मादीचा धोका शंभर टक्के धरला, तर पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या मादीला तो 0.5 टक्के, एका माजानंतर 8 टक्के आणि त्याहून जास्त माजांनंतर 26 टक्के. नसबंदीचे समर्थक हे आकडे घोकत आले आहेत. 2012 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा कमकुवत निघाला. म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. गर्भपिशवीत पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, मात्र वादातीत आहे. स्वीडनमधल्या विमा नोंदींनुसार नसबंदी न झालेल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या माद्यांना वयाच्या दहा वर्षांपर्यंत तो गाठतो. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर जनावर दगावतं, आणि तेव्हाचं ऑपरेशन तापलेल्या, खंगलेल्या शरीरावर करावं लागतं. मांजरीत स्तनाच्या गाठी कमी दिसतात, पण दिसल्या की बहुतेक वेळा कर्करोगाच्याच असतात.

'नराला गरज नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याने पिल्लांना बाप लागतो एवढं तरी लक्षात घ्यायला हवं होतं. मादी एका वेळी एका वेतातच अडकलेली असते. मोकळा फिरणारा बोका एका हंगामात कितीतरी भाट्यांना, म्हणजे मांजरींना, गाभण करू शकतो. शिवाय घरभर लघवीचे फवारे मारणं, रात्रीची भांडणं, घरातून पळणं या तक्रारी नसबंदीनंतर बहुसंख्य बोक्यांमध्ये खूप कमी होतात. एक गोष्ट डॉक्टर सांगतात आणि घरचे विसरतात: ऑपरेशननंतरही काही आठवडे नर फलनक्षम असू शकतो, त्यामुळे महिनाभर तरी त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवावं.

लठ्ठपणाचं म्हणाल तर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते, हे खरं. उपाय वाटीत आहे: खाणं साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करायचं आणि वजनावर नजर ठेवायची. जनावर मठ्ठ होऊन राखणदारी जाते म्हणणं मात्र चूक. अनोळखी माणसावर भुंकणं अंडकोषांवर अवलंबून नसतं. उलट सांगायचं तर, भीतीपोटी चावणारा कुत्रा नसबंदीने सुधारेल या आशेवरही कुणी राहू नये.

आता पहिलं अर्धसत्य: 'विज्ञानानेच नसबंदी अपायकारक ठरवली'. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा आणि 2020 मध्ये 35 जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मोठ्या जातींत फार लवकर, विशेषतः वर्षाच्या आत, नसबंदी झाली तर सांध्यांचे विकार वाढलेले दिसले, काहींत कर्करोगही. हाडांची वाढ थांबवण्यात लैंगिक संप्रेरकांचा हात असतो. ती लवकर गेली की लांब हाडं जरा जास्त काळ वाढत राहतात. मेसेज इथवर येऊन थांबतो. त्याच 2020 च्या अभ्यासात लहान जातींमध्ये सांध्यांचा धोका वाढलेला दिसला नाही, आणि जात, नर की मादी, यानुसार योग्य वय वेगळं निघालं. म्हणजे हा अभ्यास 'केव्हा करावी' याचं उत्तर देतो. त्यातून 'करूच नये' काढणं म्हणजे मालाच्या पाकिटावरची अर्धीच सूचना वाचणं. मांजरांचा तर त्यात संबंधच नाही. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. तिच्या बाबतीत थांबण्यात शहाणपण नाही.

नियम मुळात कसे असतात, हे मेसेजात कुठेच नाही. लॉस एंजेलिसने 2008 मध्ये चार महिन्यांवरच्या कुत्र्या-मांजरांना नसबंदी बंधनकारक केली, पण परवानाधारक प्रजनन करणारे, स्पर्धेतली आणि पोलिसांची जनावरं, आणि डॉक्टरने पत्र दिलेली जनावरं यांना सूट ठेवली. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2018 नंतर जन्मलेल्यांना सहा महिन्यांची मुदत आहे, तिथेही गुरं-मेंढ्या हाकणारे कुत्रे वगळलेले आहेत. जर्मनीतल्या पाडरबोर्न शहराने 2008 मध्ये फक्त घराबाहेर सोडल्या जाणाऱ्या मांजरांपुरता नियम केला. भारतात 2001 च्या नियमांपासून पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची आणि लसीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, 2023 च्या नियमांनीही ती तिथेच ठेवली. सरसकट सगळ्यांवर सुरी कुठे दिसते ती दाखवा.

दुसरं अर्धसत्य नॉर्वेचं. तिथला प्राणी कल्याण कायदा विनाकारण शस्त्रक्रियेला मनाई करतो, पण प्राण्याच्या हितासाठी किंवा अन्य खास कारणाने नसबंदीला वाट ठेवतो. मांजरांची नसबंदी तिथेही नेहमीची गोष्ट आहे. त्याच देशात 1 एप्रिल ते 20 ऑगस्ट कुत्र्याला साखळीने किंवा कुंपणात ठेवणं कायद्याने भाग आहे. नॉर्वेचा दाखला देणाऱ्याने हा अर्धा भागही उचलायला हवा.

खरा मुद्दा मेसेज लिहिणाऱ्याच्या हातून निसटलाच. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेचाच खाजगी मालकांवरच्या सक्तीला पाठिंबा नाही. नसबंदी चांगली, पण तो निर्णय डॉक्टरने जनावर पाहून घ्यावा, आणि सक्तीच्या भीतीने माणसं लस-परवान्यासाठीही दवाखान्यात यायची थांबतील, असं तिचं म्हणणं आहे. मला ही शंका रास्त वाटते. स्वस्तात आणि जवळ ऑपरेशन होण्याची सोय नसताना नुसता दंड लावणारा नियम कागदावरच राहील. आणि समर्थकांनीही 'एका मांजरीपासून सात वर्षांत 4,20,000 मांजरं' हा आकडा आता सोडून द्यावा. त्या हिशोबात एकही पिल्लू मरत नाही असं धरलं आहे.

तुमच्या गावच्या नियमात सहा महिने लिहिलं असेल आणि घरात मोठ्या जातीचं पिल्लू असेल, तर डॉक्टरकडून मुदत वाढवण्याचं लेखी पत्र घ्या, त्यात जात आणि पुढची तारीख लिहून मागा. नियमात अशा पत्राची तरतूदच नसेल, तर भांडायचं ते त्या कलमासाठी.